हृदयाचे अनियमित ठोके: नवी गोळी आली, तरी जुनी का टिकली

रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्या बाजारात येऊन आता दीड दशक लोटले. त्या घेणाऱ्याला दर महिन्याला रक्त तपासून घ्यावे लागत नाही. असे असूनही सोलापुरात, सिव्हिलपासून गल्लीतल्या खासगी दवाखान्यापर्यंत, हृदयाची झडप आकसल्यामुळे ज्यांचे ठोके अनियमित झाले आहेत अशा रुग्णांच्या हाती आजही जुनीच गोळी (वॉरफरिन किंवा तिच्या कुळातली) आणि ‘पीटी-आयएनआर’ची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या चाचणीची, चिठ्ठी पडते. यामागे केवळ किमतीचा किंवा सवयीचा प्रश्न आहे असे अनेकांना वाटते; खरे कारण या आजाराच्या इतिहासात आहे.

अनियमित ठोक्यांचे प्रकार पुष्कळ आहेत. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणे बहुतेकदा निरुपद्रवी असते. इथे विचार करायचा आहे तो एट्रियल फिब्रिलेशनचा. यात हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, आकुंचन पावण्याऐवजी मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात आणि त्यांतले काही संदेश कसेही, कधीही खाली पोहोचतात. ठोक्यांना कोणताही ताल उरत नाही. छातीला स्टेथोस्कोप लावून मोजलेले ठोके आणि मनगटावर हाताला लागलेले ठोके यांत पुष्कळदा दहा-वीसचा फरक येतो, कारण काही ठोके इतके दुबळे असतात की त्यांची लाट मनगटापर्यंत येतच नाही.

नाडीतील ही अस्ताव्यस्तता आपल्याकडच्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. शार्ङ्गधर संहितेत सर्प, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालींवरून नाडीचे वर्णन केले असून, थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक मानली आहे. निदान करण्याची दृष्टी होती, परंतु त्या नाडीच्या मागे हृदयात नेमके काय बिघडले आहे हे पाहण्याचे साधन जगात कोणाकडेच नव्हते.

उपचार मात्र कारण कळण्याआधीच सुरू झाले. इंग्लंडमधील विल्यम विदरिंग या वैद्याने १७८५ साली डिजिटॅलिस या वनस्पतीच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिले. तिच्यापासून पुढे आलेले डिगॉक्सिन आजही काही रुग्णांना दिले जाते. त्याच जातीची द्रव्ये आपल्याकडे पिवळ्या कण्हेरीच्या बियांत असतात आणि ती बी खाल्लेल्या रुग्णाच्या ठोक्यांचा जो गोंधळ उडतो तो जास्त झालेल्या डिगॉक्सिनसारखाच असतो. एवढ्या निसरड्या मात्रेचे औषध दोनशेहून अधिक वर्षे टिकले, यावरून दुसरा उपाय किती काळ नव्हता ते लक्षात यावे.

दुसरा धागा कोयनेलचा, म्हणजे हिवतापावरच्या क्विनीनचा, आहे. १९१२ साली डच हृदयतज्ज्ञ कारेल वेंकेबाख यांच्याकडे एक व्यापारी आला. पूर्वेकडच्या हिवतापाच्या मुलखात वावरलेल्या या गृहस्थाचे ठोके अनियमित होते आणि आपण कोयनेल घेतले की दुसऱ्या दिवशी नाडी ठीक होते, असे त्याने सांगितले. डॉक्टरांनी त्याला हसण्यावारी नेले नाही, हे महत्त्वाचे. १९१८ मध्ये वॉल्टर फ्रे यांनी कोयनेलचेच भावंड असलेले क्विनिडीन अधिक परिणामकारक असल्याचे दाखवले आणि ताल परत आणण्यासाठी ते औषध अनेक दशके वापरात राहिले.

आजाराचे खरे रूप मात्र ईसीजीच्या पट्टीवर दिसले. नेदरलँड्समधील विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ईसीजीचे यंत्र सिद्ध केले (त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल मिळाले) आणि १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी त्या यंत्राच्या आधारे दाखवून दिले की, त्या काळी रुग्णालयांत सर्रास आढळणारी ही विस्कळीत नाडी म्हणजे अलिंदांची थरथर होय. पट्टी काढल्यावर डॉक्टर आजही तेच पाहतात: प्रत्येक मोठ्या टोकाआधी येणारी लहानशी लाट नाहीशी झालेली असते, तिच्या जागी बारीक थरथरती रेषा असते आणि दोन टोकांमधले अंतर कुठेच सारखे नसते. १९६२ मध्ये बर्नार्ड लाउन यांनी ठोक्याशी वेळ साधून विजेचा एकच झटका देण्याची पद्धत आणली आणि ताल काही क्षणांत पूर्ववत करणे शक्य झाले.

इथपर्यंतचा सगळा इतिहास ताल दुरुस्त करण्याचा आहे. या आजाराचा मोठा धोका छाती धडधडण्यात नसून रक्ताच्या गुठळीत आहे, हे सर्वमान्य व्हायला बराच वेळ लागला. थरथरणाऱ्या डाव्या अलिंदाच्या एका पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साकळते, तिथे गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की माणसाच्या अंगावरून वारे जाते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घ पाहणीतून १९७८ मध्ये जे आकडे पुढे आले ते बोलके होते: झडप चांगली असतानाही या आजारात पक्षाघाताचा धोका पाचपटींहून अधिक आणि संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली असेल तर सुमारे सतरापट. सोलापूरच्या दृष्टीने सगळे मर्म या दुसऱ्या आकड्यात आहे.

संधिवाताचा ताप मुळात लहान मुलांच्या घशाच्या संसर्गातून येतो आणि दाटीच्या वस्तीत अधिक पसरतो. गिरण्यांच्या चाळी, पूर्व भागात एकाच खोलीत माग आणि संसार, विडी वळणाऱ्या बायकांच्या भोवती खेळणारी पोरे, अशा वस्त्यांवर हे शहर वाढले. लहानपणी दुखलेला घसा आणि सुजलेले सांधे सगळे विसरून जातात. मग पंचवीस-तिशीत, पुष्कळदा बाळंतपणाच्या सुमारास, दम लागतो आणि टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडप आकसलेली दिसते. दर २१ दिवसांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन तापाची पुनरावृत्ती टाळते, पण ते वेळेवर सुरू झाले तर.

गुठळी रोखणारे औषध गुरांच्या गोठ्यातून आले. अमेरिकेत आणि कॅनडात १९२० च्या दशकात कुजलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा डबा घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. त्या चाऱ्यातले द्रव्य वेगळे काढायला काही वर्षे गेली, त्यावरून वॉरफरिन तयार झाले, १९४८ मध्ये ते उंदरांचे विष म्हणून विकले गेले आणि १९५४ पासून माणसांच्या औषधांत आले. आपल्याकडे त्याच कुळातील असिनोकुमॅरॉल अधिक चालते.

ही गोळी ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते आणि म्हणून ताटाशी तिचे थेट नाते आहे. (लिंबातले ते ‘क’, म्हणजे ‘सी’; हे पालेभाज्यांतले ‘के’.) जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, हरभऱ्याची आणि मेथीची भाजी रोज पानात येऊ लागली की ज्यांचे आयएनआर दोन ते तीनच्या दरम्यान नीट बसलेले असते त्यांचे खाली घसरू शकते, आणि उन्हाळ्यात भाजी आटली की तेच वर चढते. पालेभाजी सोडण्याची गरज नसते, बाराही महिने साधारण सारखी खावी एवढेच पथ्य. मागावर उभे राहून गुडघे धरलेल्या माणसाने दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळी आणून खाणे हा भाजीपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर हे माप स्वीकारले तेव्हापासून सोलापूरची चाचणी आणि पुण्याची चाचणी यांची तुलना करता येऊ लागली.

तालाचा प्रश्नही मागे पडला नव्हता. २००२ मधील एका मोठ्या अमेरिकी चाचणीत गती आटोक्यात ठेवणे हे औषधांनी ताल परत आणण्याइतकेच चांगले ठरले. दरम्यान १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हायसागेर यांनी ही थरथर बहुतेकदा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखाशी सुरू होते हे दाखवले होते, आणि त्यातून ॲब्लेशनचा, म्हणजे नळी घालून ती जागा निकामी करण्याचा, मार्ग खुला झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीने आजाराच्या पहिल्या वर्षातच ताल सुधारण्याचा फायदा दाखवला. सोलापूरकरांना ॲब्लेशनसाठी बहुधा पुण्याला किंवा हैदराबादला जावे लागते; आकसलेल्या झडपेच्या रुग्णाला त्याआधी झडपेचाच उपचार करून घ्यावा लागतो.

२००९ नंतर डॅबिगॅट्रान, रिव्हॅरोक्सॅबान, एपिक्सॅबान या गोळ्या आल्या आणि झडप चांगली असलेल्या रुग्णांत त्यांनी जुन्या गोळीची जागा घेतली. त्या चाचण्यांतून झडप बऱ्यापैकी आकसलेले रुग्ण मात्र वगळलेले होते, आणि ते श्रीमंत देशांत फारसे उरलेही नव्हते. शेवटी भारतासह अनेक देशांतील अशाच रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले आणि अपेक्षेच्या उलट निघाले: रिव्हॅरोक्सॅबान घेणाऱ्यांपेक्षा जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी होते. त्यामुळे झडप आकसलेल्या रुग्णाने शेजाऱ्याची नवी गोळी पाहून स्वतःची बदलू नये, आणि आयएनआरची तारीख चुकवू नये, असे डॉक्टर बजावतात. सत्तरीतल्या, रक्तदाब असलेल्या आणि झडप चांगली असलेल्या शेजाऱ्याला नवी गोळी योग्यच आहे. त्याने मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून करून घ्यायची असते, कारण त्या गोळ्यांची मात्रा तिच्यावर ठरते.