लाल दिसलं, पण कुठल्या स्लाइडवर? ग्राम आणि झेडएनमधला घोळ

नाशिकच्या डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), बीएस्सीच्या मुलांचा प्रॅक्टिकलला गोंधळ होतो तो लाल रंगापाशी. ग्राम या जिवाणू रंगवायच्या पद्धतीत गुलाबी-लाल म्हणजे पहिला रंग सोडून दिलेला जिवाणू. झील-नील्सन या दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे झेडएनमध्ये, लाल म्हणजे आम्लालाही न जुमानता रंग धरून बसलेला. दोन्ही पद्धती १८८२ ते १८८४ या काळात जर्मनीत निघाल्या, पण लाल रंगाचा अर्थ मात्र अगदी उलटा.

ग्राम दह्यावर करून बघा. दह्यावरचं पाणी लूपने (तारेच्या कड्याने) घ्या, स्लाइडवर थेंबभर डिस्टिल्ड पाण्यात पातळ पसरा. डिसेंबरात आपल्याकडे हा पसरलेला थर, म्हणजे स्मीअर, सुकायला वेळ लागतो. घाईने ओलाच ज्योतीवर धरलात तर जिवाणू शिजून आकार बिघडतो. सुकल्यावर दोन-तीनदा झटकन ज्योतीवरून न्या. मग क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, ९५ टक्के अल्कोहोल १० ते २० सेकंद, सॅफ्रॅनिन १ मिनिट. मध्ये-मध्ये पाण्याची हलकी धार. दह्यातले जिवाणू जांभळेच दिसायला हवेत. गुलाबी दिसले तर अल्कोहोल जास्त वेळ राहिलं, नाहीतर दही शिळं होतं: मेलेल्या पेशीची भिंत फाटते आणि जांभळा रंग निसटतो. स्मीअर जाड असेल तर उलट, सगळंच जांभळं. खरी परीक्षा अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांची. बाकी पायऱ्यांत थोडं मागेपुढे चालतं.

क्षयाच्या जिवाणूची भिंत मायकोलिक आम्लामुळे मेणचट असते, ग्रामचे रंग तिच्यात नीट शिरत नाहीत. म्हणून झेडएनमध्ये १ टक्का कार्बोल फ्युक्सिन हा लाल रंग ओतून वाफ दिसेपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही, आणि ५ मिनिटं ठेवायचं. पुढे २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल २ ते ४ मिनिटं, शेवटी ०.१ टक्का मिथिलीन ब्लू ३० सेकंद. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक, किंचित वाकड्या लाल काड्या दिसतात. तापवताना रंग सुकला तर त्याचे लाल खडे स्लाइडला चिकटतात आणि नवख्याला तेच जिवाणू वाटतात.

रंग बनवायला नळाचं पाणी नको. गंगापूर धरणाचं पाणी वाईट आहे म्हणून नव्हे. कुठल्याही शहराच्या नळात निरुपद्रवी आम्लरोधक जिवाणू असू शकतात आणि ते हुबेहूब लालच दिसतात. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली घालायच्या तेलाच्या बाटलीचा ड्रॉपरही स्लाइडला टेकवू नका, एका रुग्णाचे जिवाणू दुसऱ्याच्या स्लाइडवर जातात.

आणि १०० फील्ड (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसतो तो गोल भाग म्हणजे एक फील्ड) पाहिल्याशिवाय झेडएन निगेटिव्ह लिहू नका.