एमबीबीएसनंतर परदेशी जायचंय? आधी कागदावरचं नाव तपासा

पुण्यात इंटर्नशिप करणारी मुलं विचारतात, "प्लॅब द्यावी की यूएसएमएलई?" म्हणजे डॉक्टरकीसाठी ब्रिटनची परीक्षा द्यावी की अमेरिकेची. मी म्हणते, आधी पासपोर्ट आणि गुणपत्रिका शेजारी ठेवून बघा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. त्यात स्पेलिंग चुकलं की पडताळणी अडते. माझ्या पदवीवर वडिलांच्या ‘दत्तात्रय’च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं ‘ए’ गळलं होतं. त्या एका अक्षरापायी दोन महिने गेले. लग्नानंतर नाव बदलणार असाल, तर आत्ताच विचार करा.

पदवी, इंटर्नशिपचा दाखला, सर्व गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि गुणांचा विद्यापीठाने दिलेला अधिकृत उतारा) आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी एवढं तयार ठेवा. पुण्यातल्या बी. जे. आणि एएफएमसी या कॉलेजांची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, त्यामुळे ट्रान्सक्रिप्टही तिथूनच. भारती किंवा डी. वाय. पाटीलची मुलं मात्र आपल्याच अभिमत विद्यापीठात अर्ज करतात.

ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा लागते: आयईएलटीएस ॲकॅडमिकमध्ये एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७, किंवा ओईटीत (आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजी परीक्षा) चारही भागांत बी ग्रेड. प्लॅब १ मध्ये ३ तासांत १८० प्रश्न. प्लॅब २ प्रात्यक्षिक, ती मँचेस्टरला जाऊनच द्यावी लागते. पदवीची पडताळणी एपिक या ऑनलाइन सेवेमार्फत होते. कौन्सिलचं गुड स्टँडिंग प्रमाणपत्र (डॉक्टरवर कारवाई वगैरे नाही असा दाखला) तीनच महिने चालतं. ते अगदी शेवटी काढा. आणि नोंदणी झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही. तिकडे ट्रेनिंगच्या जागांसाठी प्रचंड चुरस आहे, हे घरच्यांनाही आधीच सांगा.

अमेरिकेला यूएसएमएलईचे दोन टप्पे, म्हणजे स्टेप १ आणि स्टेप २ सीके, शिवाय ओईटी आणि परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ ला फक्त पास-नापास, म्हणून सगळा भार स्टेप २ च्या गुणांवर आला आहे. अर्ज सप्टेंबरात, मॅचचा (जागावाटपाचा) निकाल मार्चमध्ये, रेसिडेन्सी (रुग्णालयातलं विशेषज्ञतेचं ट्रेनिंग) जुलैपासून. एक तारीख हुकली की वर्ष गेलं.

ट्रेनिंगचा काळही बघा. आपल्याकडे एमएस जनरल सर्जरी ३ वर्षांची, अमेरिकेत रेसिडेन्सी ५ वर्षांची, तर ब्रिटनमध्ये फाउंडेशननंतर (पदवीनंतरचं सुरुवातीचं ट्रेनिंग) कोअर सर्जरीच्या ट्रेनिंगची २ आणि पुढची साधारण ६. माझं मत विचाराल तर, सर्जन व्हायचं असेल त्यांनी हा हिशेब आईवडिलांसोबत बसून करावा आणि मगच परीक्षेची फी भरावी.