सगळेच ‘मोझिला’

फेब्रुवारी २०२४ च्या आकडेवारीत डेस्कटॉप आणि लॅपटॉप संगणकांमधला लिनक्स या विंडोजला पर्यायी कार्यप्रणालीचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा) जागतिक वाटा ४.०३ टक्के झाल्याचे स्टॅटकाउंटर या आयरिश कंपनीने दाखवले, तेव्हा लिनक्सप्रेमींच्या गटांत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. मीही त्याच गोटातला असल्यामुळे आनंद मलाही झाला. पण त्या आकड्याकडे पाहताना असा प्रश्न पडला, की या चार टक्क्यांत माझा लॅपटॉप कोणी आणि कधी मोजला? जनगणनेला प्रगणक दारात येतो, तसे येथे कोणी आले नव्हते. विक्रीच्या आकड्यांवरूनही हे कळत नाही, कारण आपल्याकडे कित्येक लॅपटॉप ‘डॉस’वाले, म्हणजे विंडोजविना, थोडे स्वस्तात विकले जातात आणि घरी पोहोचण्यापूर्वीच त्यांवर दुसरी कार्यप्रणाली बसलेली असते.

स्टॅटकाउंटरची पद्धत वेगळी आहे. जगभरातल्या दहा लाखांहून अधिक संकेतस्थळांनी या कंपनीचा मोजणीचा छोटा कोड आपल्या पानांत बसवून घेतला आहे. आपण पान उघडले, की तो कोड चालतो आणि आपण कोणत्या ब्राउझरमधून व कोणत्या कार्यप्रणालीवरून आलो याची नोंद होते. ही संकेतस्थळे कोणी विचारपूर्वक निवडलेली नाहीत. ज्यांना ही सोय हवीशी वाटली, त्यांनी ती घेतली. शिवाय माझ्या ब्राउझरमध्ये पाळत रोखणारे एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर, आहे आणि अशा एक्स्टेन्शनच्या रोखायच्या याद्यांत मोजणीचे कोडही असतात, म्हणजे मी बहुधा मोजला गेलोच नाही. लिनक्स आणि फायरफॉक्स हा ब्राउझर वापरणाऱ्यांत अशी एक्स्टेन्शन बसवणारे पुष्कळ असल्यामुळे त्यांचा वाटा कमी दिसण्याची शक्यता आधीच तयार होते.

पण खरी गंमत पुढे आहे. ब्राउझर कोणता हे त्या कोडला समजते कसे? तर ब्राउझर स्वतःच सांगतो. प्रत्येक पान मागताना तो ‘यूजर एजंट’ नावाची एक ओळ पाठवतो, आणि ही ओळ म्हणजे तीस वर्षांच्या खोट्या बोलण्याचा साठा आहे. विंडोजवरच्या क्रोमची ओळ सुरू होते ‘मोझिला ५.०’ या शब्दांनी, मग ‘विंडोज एनटी १०.०’, मग ‘ॲपलवेबकिट’, मग ‘केएचटीएमएल, लाइक गेको’, त्यानंतर कोठे ‘क्रोम’, आणि शेवटी ‘सफारी’. एकाच ब्राउझरने इतक्या जणांची नावे का घ्यावीत?

१९९० च्या दशकाच्या मध्यावर नेटस्केपचा ब्राउझर आपली ओळख ‘मोझिला’ अशी देत असे, आणि एका पानाचे चौकटींत तुकडे करून दाखवण्याची नवी सोय त्याच्याकडे होती. संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी मग आपल्या सर्व्हरला सांगून ठेवले, की ‘मोझिला’ म्हणणाऱ्याला चौकटींचे पान द्यावे, इतरांना साधे. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररलाही चौकटी येऊ लागल्या, पण त्याला साधेच पान मिळत राहिले, म्हणून तोही स्वतःला ‘मोझिला’ म्हणवू लागला आणि आपले खरे नाव त्याने ओळीत पुढे लिहिले. नेटस्केपच्या वारसांनी ‘गेको’ हे इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा, तयार केले तेव्हा चांगली पाने गेकोला मिळू लागली. मग केएचटीएमएल हे इंजिन वापरणाऱ्या कॉन्करर ब्राउझरने ‘मी गेकोसारखा’ असे लिहायला सुरुवात केली. त्याच इंजिनावरून ॲपलने २००३ साली सफारी आणला, त्याने तो शेरा तसाच ठेवला. २००८ साली क्रोम आला तो सफारीचेच इंजिन घेऊन, म्हणून त्याने सफारीचे नाव ठेवले. २०१३ सालच्या इंटरनेट एक्सप्लोरर ११ ने तर स्वतःचे जुने लघुनाम गाळून ‘लाइक गेको’ लिहिले. लग्नात उखाणा घेताना नवऱ्याच्या नावाआधी आख्ख्या आळीची नावे घ्यावीत, तसा हा प्रकार आहे.

हा इतिहास वाटेल, पण तो अजून संपलेला नाही. एका बँकेच्या संकेतस्थळाने मला ‘आपली कार्यप्रणाली समर्थित नाही’ असे सांगून दारातच अडवले होते. मी ब्राउझरच्या ओळीत लिनक्सच्या जागी विंडोज लिहिले आणि तेच पान, त्याच लॅपटॉपवर, कुरकुर न करता उघडले. ती ओळ मी पुढे तीन आठवडे बदललीच नाही, म्हणजे तेवढे दिवस माझी नोंद जेथे कोठे झाली असेल तेथे ती विंडोज म्हणून. विवाल्डी या ब्राउझरने डिसेंबर २०१९ पासून बहुतेक ठिकाणी स्वतःचे नाव गाळून क्रोमचीच ओळ पाठवायला घेतली, तीही याच कारणाने. अशा ब्राउझरचा वाटा या ओळीवरून मोजणे म्हणजे मुखवटे मोजणे होय.

त्यातच अलीकडे ही ओळ मुद्दाम गोठवली गेली आहे, आणि त्यामागे वापरकर्त्याची खासगी माहिती वाचवण्याचा चांगला हेतू आहे. विंडोज ११ वरचे ब्राउझरही ‘विंडोज एनटी १०.०’ असेच लिहितात. क्रोम आणि मायक्रोसॉफ्टचा एज वेगळ्या मार्गाने विचारल्यास खरी आवृत्ती सांगतात. फायरफॉक्स सांगत नाही. मॅकवरचे क्रोम आणि सफारी १०.१५.७ या जुन्या आवृत्तीवर थांबले आहेत. अँड्रॉइडवरचा क्रोम फोन कोणताही असला तरी ‘अँड्रॉइड १०’ आणि मॉडेलच्या जागी नुसता ‘के’ लिहितो. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरचा सफारी सामान्यतः आपण मॅक असल्याचे सांगतो.

आता मोजायचे काय, याचा वाद. समजा शंभर जण आहेत. त्यांतले ६० जण अ ब्राउझरमधून रोज ५ पाने पाहतात आणि ४० जण ब मधून १५ पाने. माणसे मोजली तर अ चा वाटा ६० टक्के. पाने मोजली तर अ ची ३०० आणि ब ची ६००, म्हणजे अ चा वाटा ३३ टक्के. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. मे २०१२ मध्ये नेमके हेच घडले. पाने मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या मते क्रोम आणि इंटरनेट एक्सप्लोरर दोघेही ३२ टक्क्यांच्या आसपास होते आणि क्रोम किंचित पुढे गेला होता; अभ्यागत मोजून देशांच्या इंटरनेट-लोकसंख्येप्रमाणे भार देणाऱ्या नेट ॲप्लिकेशन्सच्या मते एक्सप्लोरर ५४ टक्क्यांच्या आसपास होता. भार देण्याचे कारण असे, की चीनमध्ये एक्सप्लोररचा वापर मोठा होता, पण नमुन्यात तेथील वाचक लोकसंख्येच्या मानाने थोडे होते. मायक्रोसॉफ्टचा आणखी एक आक्षेप होता: क्रोम काही पाने आपण मागण्यापूर्वीच अंदाजाने पडद्याआड उघडून ठेवत असे आणि तीही मोजणीत धरली जात. स्टॅटकाउंटरने पुढे ती वगळायला सुरुवात केली.

माणसे मोजणेही सोपे नाही, कारण माणूस म्हणजे येथे एक कुकी, म्हणजे ओळख पटावी म्हणून ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, असते. सफारीने २०१९ पासून पानातल्या कोडने ठेवलेल्या कुकीचे आयुष्य सात दिवसांवर आणले. परिणामी दर दहा दिवसांनी त्याच पानावर येणारा सफारीचा वाचक दर वेळी नवा अभ्यागत ठरतो आणि महिन्यात एकाचे तीन होतात. गेमिंगच्या स्टीम या सेवेचे स्वतःचे सॉफ्टवेअर संगणकावरच बसलेले असते, त्यामुळे आपल्या ग्राहकांचे संगणक मोजताना तिला यूजर एजंटची गरज नाही. तरीही सायबर कॅफेतल्या ग्राहकांची जास्तीची मोजणी सात महिने होत राहिली होती आणि ती २०१८ साली दुरुस्त करावी लागली. एकाच यंत्रावर दिवसभरात अनेक जण बसतात, हे तेथे नडले.

लग्नाचा मुहूर्त ११ वाजून ४३ मिनिटांचा छापल्याने संसार अधिक सुखाचा होत नाही. दशांश चिन्हापुढच्या दोन अंकांची योग्यताही तेवढीच. याचा अर्थ ही आकडेवारी फेकून द्यावी असा नाही. एकाच पद्धतीने पाच-दहा वर्षे मोजलेला कल पुष्कळ काही सांगतो. एका महिन्याची उडी मात्र फारसे सांगत नाही.

एका लहान वाचनालयाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात एका महिन्यात तेथे लिनक्सचा वाटा एकदम एकोणीस टक्क्यांवर गेलेला दिसला, म्हणून सर्व्हरच्या नोंदी उघडून बसलो. पहाटे तीन ते चार या वेळेत दोन इंटरनेट-पत्त्यांवरून पुस्तकांच्या सूचीतली सगळी पाने क्रमाने, सेकंदाला एक याप्रमाणे मागवली गेली होती. प्रत्येक मागणीवर ‘लिनक्स’ आणि ‘क्रोम’ लिहिलेले होते, आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे एकही चित्र कोणी मागितले नव्हते. ते कोणाचे तरी माहिती गोळा करणारे यंत्र होते. त्या नोंदी गाळल्यावर लिनक्सवरचे वाचक उरले दोन, आणि त्यांतला एक मी.