गोव्यातील घरांच्या खोल्यांचे रंग

गोव्यात खोलीचा रंग ठरतो तो आवडीनिवडीइतकाच भिंतीच्या जातीवर, पावसावर आणि आत येणाऱ्या उजेडावर. जुने घर चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे. त्यावर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग असे. जांभा सच्छिद्र असतो आणि वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो, त्यामुळे उघडी भिंत पाणी पिते. जुने गोवे येथील बॉम जेझूस बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढण्यात आला. तेव्हापासून उघड्या पडलेल्या चिऱ्याची झीज हा संवर्धकांच्या वादाचा विषय आहे. रंग हे भिंतीचे आधी संरक्षण आणि मग शोभा, हा क्रम गोव्यातील कोणत्याही निवडीच्या मुळाशी आहे.

पांढऱ्या रंगाचा प्रश्न : पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग चर्चसाठी राखीव होता आणि खाजगी घरांना तो लावण्यास मनाई होती, असे सर्वत्र सांगितले जाते. पणजीच्या फोंताइनास भागातील पिवळ्या, निळ्या, तांबड्या घरांचे स्पष्टीकरणही बहुधा याच आधाराने देतात. दरवर्षी पावसाळ्यानंतर घर रंगवण्याची सक्ती होती, असेही त्यासोबत सांगतात. काही लेखक याला कायदा मानतात, तर काही रूढी. हे विधान मांडणारे मूळ आदेशाचा हवाला क्वचितच देतात. शिवाय घरांच्या चौकटी, कंगोरे आणि कोपरे पांढरेच ठेवण्याची पद्धत सगळीकडे दिसते, म्हणजे पांढरा वर्ज्य नव्हता. कोकणपट्टीवरील कावी कामात पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो ओला असतानाच खरवडतात आणि खालचा पांढरा उघडा करून नक्षी उठवतात. हे काम मंदिरांखेरीज गोव्यातील काही जुन्या हिंदू घरांतही आढळते. एकूण पाहता रूढीचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मनाईची गोष्ट खरी धरली तरी ती दर्शनी भिंतीपुरती होती. आतल्या खोल्या साध्या पांढऱ्या चुन्याने रंगवण्यास तिचा अडसर नव्हता, आणि खोल्यांच्या रंगाची चर्चा करताना हा फरक विसरला जातो.

चुना आणि रंगद्रव्ये : चुना शिंपल्या भाजून करीत. तो विरवून, फडक्यातून गाळून, चिकटपणासाठी खळ किंवा डिंक घालून दोन-तीन पातळ हात देत. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यात टिकतील अशीच द्रव्ये चालतात : गेरू, पिवळी माती, काजळी. रंगद्रव्य चुन्याच्या सुमारे एक दशांशाहून अधिक झाले, की वाळलेली भिंत हाताला पूड सोडते. त्यामुळे एका हातात गडद छटा मिळत नाही. हातावर हात चढवून ती आणावी लागते.

निळ्या खोल्यांचा काळ ठरवताना हीच रसायने उपयोगी पडतात. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झालेला प्रशियन निळा चुन्यात बिघडून तपकिरी होतो, तेव्हा चुन्याच्या भिंतीसाठी तो बाद. कृत्रिम अल्ट्रामरीन हा निळा रंग मात्र चुन्यात टिकतो. त्याची कृती १८२८ च्या सुमारास युरोपात सिद्ध झाली आणि पुढे तोच कपड्यांच्या निळीच्या पुडीतून घरोघर पोचला. म्हणून गडद निळे दालन किंवा शयनगृह मूळचे १८३० च्या आधीचे आहे असे म्हणताना जपून राहावे. १८४३ मध्ये राजधानी पणजीस हलल्यानंतरच्या बांधकामांशी असे निळे अधिक जुळतात.

खोल्या : ख्रिस्ती घरांतील साल, म्हणजे पाहुण्यांचे दालन, सर्वांत ठळक रंगाचे. तेथे शिसवी फर्निचर असते आणि भिंतीवर कित्येकदा साच्याने छापलेली वेलबुट्टीची पट्टीही दिसते. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवीत. त्यांतून येणारा उजेड दुधी आणि मंद असतो, त्यात फिकट छटा मळकट दिसते आणि निळा किंवा हिरवा खुलतो. हिंदू घरात राजांगणाभोवतीच्या, म्हणजे आतल्या उघड्या चौकाभोवतीच्या, ओवऱ्यांना उजेड वरून मिळतो. तेथे पांढरा किंवा फिकट पिवळा, आणि खाली तांबड्या गेरूचा पट्टा, ही रीत. पट्टा शोभेसाठी नाही. जमिनीलगतचे ओलाव्याचे आणि सारवणाचे डाग त्यात लपतात. चुलीच्या खोलीला रंग निवडण्याचा प्रश्नच नव्हता. धूर दरवर्षी चुन्याने झाकायचा, एवढेच. गावड्यांच्या व कुणब्यांच्या मातीच्या घरांतील रंगकामाची नोंद तुटपुंजी आहे.

हिंदू घरांत रंगकामाची वेळ चवथीशी, म्हणजे गणेश चतुर्थीशी, बांधलेली. चवथ भाद्रपदात, म्हणजे पावसाच्या ऐन दमटात. चुन्याला हे आतल्या भिंतींवर मानवते, कारण तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि त्याला थोडा ओलावा लागतोच. प्लास्टिक रंगाला कोरडी भिंत हवी. ख्रिस्ती घरांत हे काम नाताळच्या किंवा गावच्या फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) आधी, कोरड्या दिवसांत होते.

आधुनिक निवड : पुढच्या काळात डिस्टेंपर, सिमेंटचा रंग, ऑइल पेंट आणि प्लास्टिक इमल्शन आले. चुन्याच्या जुन्या भिंतीवर इमल्शनचा थर चढवला, की जमिनीतून वर चढणारा ओलावा अडकतो, फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. असे घर रंगवणाऱ्याने छटा निवडण्याआधी भिंतीला काय सोसते ते पाहावे, हा सल्ला रंगाऱ्यांनी अजून जपला आहे आणि तो रास्त आहे. शेडकार्डावरील तुकड्यावर विसंबून चालत नाही. चुन्याचा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर खूपच उतरतो. म्हणून भिंतीवरच हातभर चौकोन काढून, पूर्ण वाळू देऊन, सकाळी आणि दिव्याच्या उजेडात पाहतात. दारासमोर माड किंवा आंबा असेल तर परतून येणाऱ्या उजेडात हिरवट झाक असते, आणि तांबड्या मातीच्या अंगणाकडून तांबूस. खोलीत लाल कोबा किंवा जुन्या नक्षीदार फरशा असतील तर त्या बदलता येत नाहीत, म्हणून भिंतीची छटा त्यांच्यावरून ठरवतात. वास्तुशास्त्रानुसार दिशेवरून रंग ठरवण्याची चाल सदनिकांत वाढली आहे. फोंताइनाससारख्या संवर्धन क्षेत्रांतील निर्बंध मुख्यतः बाह्य स्वरूपासंबंधीचे आहेत; खोल्यांचा रंग घरमालकाच्या मर्जीवर असतो.