अपाचे पास टपाल ठाणे

अपाचे पास टपाल ठाणे : अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या आग्नेय भागात १८५८ ते १८६१ या काळात असलेले टपालगाड्यांचे ठाणे. डॉस काबेझास आणि चिरिकाहुआ या डोंगरांमधल्या खिंडीत ते उभे होते. त्या वेळी हा मुलूख न्यू मेक्सिको टेरिटरीत, म्हणजे राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशात, मोडत असे. भोवताली कोरडे माळ. बारमाही पाणी खिंडीतल्या एका झऱ्यालाच. ठाण्याची जागा या झऱ्यामुळेच ठरली.

जॉन बटरफील्ड यांच्या कंपनीला १८५७ मध्ये मिसिसिपी नदीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत टपाल नेण्याचा सरकारी ठेका मिळाला. मोबदला वर्षाला ६ लाख डॉलर; अट अशी की आठवड्यातून दोनदा गाडी सुटावी आणि सुमारे २,८०० मैलांची वाट २५ दिवसांत तोडावी. पहिली गाडी सप्टेंबर १८५८ मध्ये निघाली. रात्रंदिवस धावणाऱ्या गाडीला ताजी जनावरे हवीत, म्हणून वाटेवर ठिकठिकाणी ठाणी बांधली गेली. ओसाड पश्चिमेकडील टप्प्यांवर घोड्यांऐवजी बहुधा खेचरे जुंपत.

अपाचे पासचे ठाणे दगडी होते. जनावरांच्या दगडी वाड्यातच एका कोपऱ्यात स्वयंपाकघर, निजण्याच्या खोल्या, धान्य आणि दारूगोळा. भिंतींना बंदुकीसाठी झरोके. एवढा बंदोबस्त असला, तरी ठाणे टिकले ते मुख्यतः तिथल्या मूळ रहिवाशांचा, चिरिकाहुआ अपाचे जमातीचा, नायक कोचीस याने चालू दिले म्हणून. मुलूख त्याच्या लोकांचा होता आणि झराही.

जानेवारी १८६१ मध्ये अपाचेंच्या एका टोळीने दूरच्या एका शेतवाडीवरून गुरे आणि फेलिक्स नावाचा मुलगा पळवला. लेफ्टनंट जॉर्ज बॅस्कम सैनिक घेऊन खिंडीत आला. कोचीस बोलावण्यावरून आपल्या कुटुंबासह त्याच्या तंबूत गेला. मूल आपल्याकडे नाही, शोधायला मदत करतो, असे त्याने सांगितले. ते खरेच होते. फेलिक्स दुसऱ्या अपाचेंमध्ये वाढला आणि पुढे मिकी फ्री या नावाने सैन्याचा वाटाड्या झाला. बॅस्कमने मात्र विश्वास ठेवला नाही आणि कोचीसलाच अडकवू पाहिले. तो तंबूचे कापड फाडून निसटला. भाऊ, बायको, मुले, पुतणे मागे राहिले.

पुढे दोन्हीकडे ओलीस धरले गेले. कोचीसने ठाण्यातला कर्मचारी जेम्स वॉलेस याला पकडले आणि आपल्या माणसांच्या बदल्यात देऊ केले. फेलिक्सशिवाय सौदा नाही, यावर बॅस्कम अडून बसला. वॉलेस आणि इतर बंदी मारले गेले. सैनिकांनी कोचीसच्या भावासह सहा अपाचे पुरुषांना फासावर चढवले. बोलणीसाठी आलेल्या पाहुण्याला कैद करण्याच्या या कृतीनेच कोचीस अमेरिकनांविरुद्ध उठला, आणि ते युद्ध १८७२ पर्यंत चालले.

ठाणे मात्र थेट या युद्धामुळे बंद झाले नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या तोंडावर, मार्च १८६१ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) टपालाचा मार्ग उत्तरेकडे हलवला आणि इथल्या गाड्या थांबल्या. जुलै १८६२ मध्ये कॅलिफोर्नियाहून आलेली तहानलेली पलटण याच ओस ठाण्याच्या आडोशाला पोहोचली. झरा हाकेच्या अंतरावर, पण वरचे कडे कोचीस आणि दुसरा अपाचे नायक मांगास कोलोरादास यांच्या माणसांनी धरलेले. डोंगरी तोफा चालवल्यावरच सैनिकांना पाणी मिळाले. पाण्यावर कायमचा ताबा राहावा म्हणून त्याच महिन्यात तिथे फोर्ट बोवी उभारला गेला. तो १८९४ पर्यंत सैन्याकडे होता. आता हा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ असून, किल्ल्याच्या अवशेषांकडे जाणारी पायवाट ठाण्याच्या दगडी पायाजवळून आणि झऱ्यावरून जाते.