शालेय संकेतस्थळ : साधनांची निवड (सोलापूर जिल्हा)

शाळेची माहिती, मुलांचे लेखन, चित्रे आणि उपक्रम वेबपानांवर मांडून इंटरनेटवर ठेवण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर व कोणती सेवा वापरायची, याचा निर्णय. तो घेताना खर्च आणि सोय यांच्या आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : आपली लिपी त्यात शाबूत राहते का, आणि ज्या शिक्षकाने पान उभे केले त्याची बदली झाल्यावर ते कोण चालवणार.

लिपीचा प्रश्न सोलापुरात अधिक ठळक आहे. ११ तालुक्यांच्या या जिल्ह्यात मराठीसोबत कन्नड, तेलुगू आणि उर्दू या घरातल्या भाषा आहेत. अक्कलकोटकडे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, शहरात उर्दू माध्यमाच्या. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो. पानाला ही दिशा सांगितली नाही तर पूर्णविराम ओळीच्या भलत्याच टोकाला जाऊन बसतो. मराठीची अडचण वेगळी. अनेक शाळांचे जुने अहवाल आणि वार्षिक अंक श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉण्टमध्ये टंकलेले असतात. हा मजकूर युनिकोडमध्ये (सर्व यंत्रांना समजणाऱ्या अक्षरांच्या सामायिक संकेतपद्धतीत) नसल्याने वेबपानावर चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तक सॉफ्टवेअरमधून काढून, नजरेखालून घालूनच वापरावा. साधन तपासायला ‘वारकऱ्यांच्या’ हा एकच शब्द लिहून पाहावा. रफार नसलेला आडवा ‘ऱ्’, अनुस्वार आणि अर्धा ‘च’ तिन्ही त्यात आहेत. संगणकावर आणि साध्या मोबाइलवर तो नीट उमटला तर बहुतेक मराठी नीट उमटेल.

मुलांना वेबपान म्हणजे काय हे शिकवायचे असेल, तर नोटपॅड आणि ब्राउझर याहून चांगले साधन नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हापासून पान ही मुळात साध्या अक्षरांची फाइलच आहे. सहावीतली मुलगी एचटीएमएल या वेबपानाच्या भाषेतल्या दोन खुणांमध्ये (टॅगमध्ये) ‘माझी शाळा’ लिहिते, फाइल जतन (सेव्ह) करते, ब्राउझरमध्ये उघडते आणि शीर्षक मोठ्या ठळक अक्षरांत समोर येते. त्या क्षणी तिला जे कळते ते तयार साचे ओढून-सोडून कळत नाही. याला इंटरनेटही लागत नाही. पेनड्राइव्हवरची फाइल वीज असेल तिथे उघडते.

या वाटेवर दोन खड्डे नेहमीचे. विंडोज फाइलच्या नावाचा शेवट लपवते, त्यामुळे ‘डॉट एचटीएमएल’ लिहूनही मागे ‘डॉट टीएक्सटी’ चिकटलेले राहते आणि पानाऐवजी खुणांचा मजकूरच दिसतो. दुसरा खड्डा जुन्या विंडोजचा : तिथल्या नोटपॅडमध्ये जतन करताना ‘यूटीएफ-८’ (युनिकोड साठवण्याची पद्धत) निवडले नाही तर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात आणि मजकूर परत मिळत नाही. २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये ही निवड आपोआप होते, पण शाळांच्या संगणक कक्षांत त्याहून जुनी यंत्रे सर्रास आढळतात.

शाळेच्या कायमच्या संकेतस्थळाला हे पुरत नाही. गूगल साइट्स ही तयार साच्यांतून पाने बनवण्याची सेवा फुकट आहे, शिकायला सोपी आहे आणि सर्व्हरची (पाने साठवून पुरवणाऱ्या संगणकाची) देखभाल करावी लागत नाही. एक-दोन शिक्षकी शाळेने तीच घ्यावी. वर्डप्रेस हे संकेतस्थळ चालवण्याचे सॉफ्टवेअर २००३ पासून आहे, मराठीतही चालते, पण स्वतः भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर ठेवले तर दरवर्षी भाडे आणि वरचेवर अद्ययावत करणे आले. हे करणारे माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नये; दुर्लक्षित वर्डप्रेसमध्ये जाहिरातबाज सहज शिरतात. गिटहब पेजेस या फाइलींवरून संकेतस्थळ दाखवणाऱ्या सेवेवर मुलांच्या साध्या फाइली फुकट ठेवता येतात, मात्र तिथे १३ वर्षांखालील मुलांना खाते काढता येत नाही, म्हणून खाते शाळेचे हवे.

हाच मुद्दा सर्व साधनांना लागू पडतो. जिल्हा परिषद शिक्षकांची बदली होते. पान त्यांच्या खासगी ईमेलवर असेल तर पासवर्डही त्यांच्यासोबत जातो आणि संकेतस्थळावर जुने मुख्याध्यापक, जुनी पटसंख्या तशीच राहते. खाते शाळेच्या नावाने काढावे, किमान दोघांना अधिकार द्यावेत, पासवर्ड कार्यालयात नोंदवावा. सेवाही कायम टिकत नाहीत : जिओसिटीज ही फुकट पाने ठेवण्याची सेवा २००९ मध्ये बहुतेक देशांत बंद झाली, जुन्या गूगल साइट्सही नंतर बंद झाल्या. ज्यातून मजकूर फाइलींच्या रूपात बाहेर काढता येत नाही ते साधन कितीही देखणे असो, शाळेसाठी नको.

वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांवर किंवा नान्नजच्या माळढोक पक्ष्यावर मुलाने लिहिलेला लेख पहिल्या नावाने छापला तरी त्याचा आनंद पुरा होतो. पूर्ण नाव, इयत्ता आणि जवळून काढलेला फोटो एकाच पानावर देऊ नये.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे त्यांचे काम त्यामागे होते. छापलेला कोड एका ठरावीक पत्त्याकडे नेतो. पुढे साधन बदलले आणि पत्ता मोडला, तर मुलाच्या हातातल्या वहीवरचा कोड रिकाम्या पानावर उघडतो. म्हणून कोड छापण्याआधी शाळेने स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा आणि मागची सेवा बदलली तरी तोच ठेवावा.