टायटन पाणबुडी दुर्घटना

टायटॅनिक जहाजाचे अवशेष पाहण्यासाठी उत्तर अटलांटिक महासागरात उतरलेली, ओशनगेट या अमेरिकी कंपनीची टायटन ही लहान पाणबुडी १८ जून २०२३ रोजी पाण्याच्या दाबाखाली चिरडली गेली आणि कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश यांच्यासह आतील पाचही जण मरण पावले. हे अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोलीवर आहेत. तेथील दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ३८० पट असतो.

इतक्या खोलीसाठी माणसांचा कक्ष सहसा टायटॅनियमचा किंवा पोलादाचा आणि गोल असतो, कारण गोलावर दाब सर्व बाजूंनी सारखा विभागला जातो. टायटनचा कक्ष मात्र कार्बन तंतूंच्या थरांचा, नळकांड्याच्या आकाराचा होता. हे तंतू ओढ चांगली सोसतात, पण वारंवार दाबले गेल्यास त्यांचे थर एकमेकांपासून सुटू शकतात.

कंपनीचे सागरी कामकाज प्रमुख डेव्हिड लॉकरिज यांनी २०१८ मध्येच कक्षाच्या अपुऱ्या तपासणीवर आणि केवळ १,३०० मीटरपर्यंत प्रमाणित असलेल्या खिडकीवर लेखी बोट ठेवले. त्यांना कामावरून काढण्यात आले. त्याच वर्षी तीसहून अधिक तज्ज्ञांनी पत्राद्वारे स्वतंत्र प्रमाणनाचा आग्रह धरला, तोही मानला गेला नाही. पुढे पहिल्या कक्षाला तडा गेला, तेव्हा दुसरा बनवण्यात आला. त्याचेही प्रमाणन झाले नाही. जुलै २०२२ मधील एका फेरीत पाणबुडी वर येताना मोठा आवाज झाला आणि त्यानंतर कक्षावरील संवेदकांच्या नोंदी बदललेल्या दिसल्या. धोका कळावा म्हणूनच बसवलेल्या यंत्रणेने धोका सांगितला होता. तरीही पाणबुडी पुन्हा खाली नेण्यात आली, आणि या दुर्घटनेतील सर्वांत अक्षम्य बाब हीच होय.

मराठवाड्यातील साखर कारखान्यात गळीत हंगामाआधी बॉयलरचे अग्निप्रदीपन कितीही थाटात झाले, तरी अधिकृत तपासणीचे मुदतबंद प्रमाणपत्र असल्याशिवाय तो वापरण्याची कायद्याने मुभा नाही. दाब झेलणाऱ्या यंत्राचा निवाडा मालकावर सोडला जात नाही. टायटनची कोणत्याही देशात नोंदणी नव्हती, ती आंतरराष्ट्रीय पाण्यात उतरत असे आणि पैसे भरून येणाऱ्यांना प्रवासी न म्हणता ‘मोहीम तज्ज्ञ’ म्हटले जाई. त्यामुळे तिच्यावर असा अंकुश राहिला नाही.

अमेरिकी तटरक्षक दलाच्या ऑगस्ट २०२५ मधील अहवालाने ही दुर्घटना टाळता येण्याजोगी होती असा निष्कर्ष काढला. इशारे देणाऱ्यांना नोकरी जाण्याची भीती दाखवली जात होती, असेही त्यात नमूद आहे. रश हयात असते तर त्यांच्यावर फौजदारी कारवाईचा विचार व्हावा यासाठी प्रकरण न्याय विभागाकडे पाठवले असते, असे चौकशी मंडळाने नोंदवले.